महसुली मराठीतील अरबी धातू

आपल्या सातबाऱ्यावर ‘तालुका’ व ‘जिल्हा’ हे शब्द छापलेले असतात. फारसीमार्फत आल्यामुळे आपण त्यांना सरसकट फारसी म्हणतो. मोल्सवर्थने १८५७ च्या कोशात अरबी व फारसी अशा स्वतंत्र खुणा दिल्या होत्या. अध्यापनात मात्र हा भेद पुसला गेला आहे.

अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. ‘ह-स-ल’ (प्राप्त होणे) यापासून हासील, महसूल व तहसील हे शब्द सिद्ध होतात. ‘तहसीलदार’मधील ‘दार’ तेवढा फारसी. ‘वसूल’ याच कुळातील भासतो, परंतु त्याचा धातू ‘व-स-ल’, म्हणजे पोहोचणे. ‘तालुका’ हा ‘अ-ल-क’ (लटकणे, जोडलेले असणे) या धातूचा, तर ‘जिल्हा’ या शब्दाचा मूळ अर्थ बरगडी. त्यावरून बाजू व पुढे प्रदेशाचा भाग.

स्थलनामांतही हे धातू आढळतात. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्ड्यास १७२४ च्या लढाईत मुबारिजखानावर मिळालेल्या विजयानंतर निजामाने ‘फतहखेर्डा’ हे नाव दिले. ‘फ-त-ह’ म्हणजे उघडणे. विजय हा त्याचा विस्तारित अर्थ. आज गावाचे नाव पुन्हा साखरखेर्डा आहे. ‘फत्ते’ मात्र मराठीत रूढ आहे.