विश्लेषण : ‘सफाई कामगार’ मासा नाहीसा झाला तर प्रवाळाचे काय होते?

हेकरूसारख्या शिकारी माशाने जबडा उघडला, की लहान मासे पळ काढतात. एक बोटभर लांबीचा मासा मात्र थेट त्या जबड्यात शिरतो आणि सुखरूप बाहेर येतो. निळ्या अंगावर काळा पट्टा असलेला हा मासा म्हणजे ‘क्लीनर रास’. इतर माशांची सफाई हेच त्याचे पोट भरण्याचे साधन.

सफाई कशी होते?
तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत प्रवाळांमध्ये हा मासा आढळतो. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानातही. तो एका ठरावीक जागी ‘दुकान’ मांडतो. ‘ग्राहक’ मासे स्वतःहून येतात आणि तोंड, कल्ले उघडून स्थिर राहतात. मग तो त्यांच्या अंगावरचे रक्तशोषक परजीवी टिपून खातो. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळच्या अभ्यासात एक मासा दिवसाला सरासरी सुमारे १२०० परजीवी खात असल्याचे दिसले.

तो प्रामाणिक असतो का?
नेहमीच नाही. परजीवींपेक्षा त्याला ग्राहकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो. संधी साधून तो त्याचा लचका तोडतो. फसवला गेलेला ग्राहक दचकतो, त्याचा पाठलाग करतो किंवा दुसरे ‘दुकान’ गाठतो. दुसरा ग्राहक पाहत असेल, तर मात्र हा मासा नीट वागतो, असे २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले.

तो नसेल तर?
लिझार्ड बेटाजवळच्या काही छोट्या प्रवाळखडकांवरून संशोधकांनी साडेआठ वर्षे हे मासे दूर ठेवले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मासे कायम असलेल्या खडकांच्या तुलनेत तेथील रहिवासी माशांची संख्या ३७ टक्क्यांनी, तर प्रजाती २३ टक्क्यांनी कमी भरल्या.

मग धोका कशाचा?
आकर्षक रंगांमुळे घरगुती मत्स्यालयांसाठी हे मासे समुद्रातून पकडले जातात. काचेच्या टाकीत ना पुरेसे ग्राहक, ना परजीवी. त्यामुळे अनेक मासे उपाशी मरतात. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ज्या प्रवाळावरून तो उचलला जातो, तिथल्या माशांचा ‘सफाई कामगार’ही जातो. म्हणून मत्स्यालयासाठी मासा घेताना तो टाकीत किती दिवस जगेल आणि कुठून आणला, हे दोन्ही प्रश्न दुकानदाराला विचारायला हवेत.