लेकीच्या गावाला जाताना

कोल्हापूरची लेक नागपूरला दिली. उन्हाळ्यात सारे घर तिला भेटायला निघते. पैसे मात्र बेताचेच. मग स्वस्तात कसे जावे?

कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस थेट नागपूरला जाते. तिचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती कमी झाली. म्हणून दिवस मोजा आणि त्या दिवशी सकाळी ८ च्या आधीच खिडकीवर हजर राहा. एका फॉर्मवर सहा जणांची नावे लिहिता येतात.

स्लीपरचा डबा गार डब्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल, तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला जागा न घेतल्यास अर्धेच तिकीट पडते.

वाटेत गाडी बदलायची असली, तरी तिकीट शक्यतो सलग एकच काढा. अंतर वाढते तसा किलोमीटरचा दर उतरतो. दोन तुकडे केले की जास्त पैसे जातात.

दलालाच्या नादी लागू नका. तो जादा पैसे घेतो आणि कधी दुसऱ्याच्याच नावाचे तिकीट हातावर ठेवतो. असे तिकीट गाडीत चालत नाही. वर दंड बसतो.

फॉर्म स्वतः भरा. तिकीट मिळताच तारीख, गाडी आणि नावे खिडकीपाशीच वाचून पाहा.