करिअर अकादमी : समज आणि पुरावा

करिअर अकादमी म्हणजे अमेरिकेतील सरकारी हायस्कूलच्या पोटात चालणारी छोटी शाळा. दोन-अडीच हजार मुलांच्या हायस्कूलमधून साधारण दीडशे-दोनशे मुलांचा गट वेगळा काढायचा, नववी किंवा दहावीपासून बारावीपर्यंत त्यांना ठरावीक शिक्षकांच्या हाती सोपवायचे आणि अभ्यासाला आरोग्यसेवा, वित्तव्यवहार, इलेक्ट्रॉनिक्स, पर्यटन असा एखादा व्यवसाय जोडायचा, अशी तिची रचना असते. पहिली अकादमी १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस एडिसन हायस्कूलमध्ये निघाली. विषय वीजकामाचा होता आणि हेतू होता मुलांची गळती रोखण्याचा. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो-अ‍ॅथर्टन आणि सिकोया या हायस्कूलांनी तो नमुना उचलला. १९८२ मध्ये उद्योगपती सँडी वाइल यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये वित्तविषयक अकादमी उभी राहिली. आज त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे आणि गैरसमजही त्याच मानाने वाढले आहेत.

अकादमी ही वेगळी, फी घेणारी संस्था असावी, असे महाराष्ट्रातल्या वाचकाला सहज वाटेल, कारण इथे त्या नावाने चालतात ते पोलीस भरतीचे आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास. तिकडे मात्र इमारत तीच, मुख्याध्यापक तेच आणि फी शून्य. फरक दिसतो तो वेळापत्रकात. आरोग्यसेवेच्या अकादमीतली दहावीची मुलगी इंग्रजी, जीवशास्त्र आणि समाजशास्त्राच्या तासांना त्याच पस्तीसएक मुलांबरोबर बसते. जीवशास्त्रात रक्ताभिसरण चालू असेल, तर वैद्यकीय परिभाषेच्या तासाला हृदयरोगाचे शब्द येतात आणि इंग्रजीचा निबंध रुग्णाच्या हक्कांवर असतो. हे आपोआप जुळत नाही. शिक्षकांना रोज किंवा आठवड्यातून काही वेळा एकत्र बसायला मोकळा तास दिलेला असतो. कोणाचे गणित घसरले, कोण तीन दिवस आले नाही, याची चर्चाही त्याच तासाला होते. पैसे कमी पडले की शाळा सर्वांत आधी हाच तास कापतात आणि अकादमी तिथूनच पोकळ होऊ लागते.

अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना हातकामाला लावण्याची ही सोय आहे, हा समज सर्वांत चिवट. त्याला इतिहास आहे. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने अमेरिकन शाळांत व्यवसायशिक्षणाला संघराज्याचा पैसा मिळाला, पण त्याबरोबर कॉलेजला जाणारे आणि कारखान्यात जाणारे अशी विद्यार्थ्यांची उभी फाळणीही पक्की झाली. गरीब, स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय मुले प्रामुख्याने दुसऱ्या रांगेत ढकलली गेली. त्या रांगेला चिकटलेला कमीपणा इतका होता की २००६ च्या कायद्यात ‘व्यवसायशिक्षण’ हे नाव टाकून ‘करिअर आणि तंत्रशिक्षण’ असे नवे नाव घेण्यात आले. अकादमी ही फाळणी मोडण्यासाठी आहे. महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, घेणारा विद्यार्थी कला, वाणिज्य आणि विज्ञान सोडून चौथ्या शाखेत जातो. अकादमीतला विद्यार्थी मात्र कॉलेजप्रवेशाला लागणारे सगळे विषय शिकतो आणि व्यवसायाचे तास त्यावर वाढीव घेतो.

याच्या उलट टोकाचा समजही ऐकू येतो, विशेषतः न्यू जर्सीतल्या भारतीय कुटुंबांत. तिथल्या हॅकेन्सॅकमधील ‘बर्गन काउंटी अकॅडमीज’ हे सरकारी हायस्कूल चुरशीच्या प्रवेशप्रक्रियेसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे अकादमी म्हणजे हुशार मुलांचा राखीव गड, असे अनेक पालक धरून चालतात. नावात साम्य असले तरी जात वेगळी. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर राज्याचे अनुदान घेणाऱ्या अकादमीत निम्मे नवे विद्यार्थी गळतीचा धोका असलेले हवेत अशी अट आहे. कमी गुण, वारंवार गैरहजेरी, घरची गरिबी असे त्याचे निकष. उरलेले निम्मे कोणीही असू शकतात, आणि हे मिश्रण मुद्दाम ठेवलेले आहे.

चौदाव्या वर्षीच मुलाचे भवितव्य ठरवून टाकले जाते, ही भीतीही फारशी खरी नाही. नॅशव्हिल शहराने आपल्या हायस्कूलांची मोठ्या प्रमाणावर अकादमींत पुनर्रचना केली आणि २०१४ मध्ये अध्यक्ष ओबामा तिथले मॅकगॅव्होक हायस्कूल पाहायला गेले. त्या शहरात नववीचे वर्ष ओळखीसाठी राखलेले असते आणि निवड दहावीत होते. पर्यटनाच्या अकादमीतून निघालेल्याने हॉटेलातच नोकरी करावी, अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

कंपन्या शाळा चालवतात आणि मुलांना फुकटात राबवतात, हा आरोप मात्र तपासून घेण्यासारखा आहे. उद्योगाचा सहभाग अकादमीच्या व्याख्येतच बसतो. कॅलिफोर्नियात राज्याच्या अनुदानाइतकाच वाटा स्थानिक उद्योगांनी पैशात, वस्तूंत किंवा माणसांच्या वेळेत द्यायचा असतो. कंपनीची माणसे सल्लागार मंडळावर बसतात, अकरावीच्या मुलांना मार्गदर्शन करतात, बारावीआधीच्या सुट्टीत त्यांना कामाचा अनुभव देतात. अभ्यासक्रम आणि शिक्षकांच्या नेमणुका मात्र शिक्षण मंडळाच्याच हाती राहतात. स्थानिक धंद्याची छाप विषयावर पडते, हे खरे. केनेडी अवकाश केंद्राजवळच्या कोको गावात अंतराळ तंत्रज्ञानाची अकादमी निघाली आणि मायामी बीचला पर्यटनाची.

अकादमीने निकाल सुधारतो, हा समज समर्थकांचा आहे आणि तोच सर्वांत जास्त फसवा. १९९३ मध्ये एमडीआरसी या संशोधन संस्थेने वेगवेगळ्या राज्यांतील अकादमींचा अभ्यास सुरू केला. जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. नऊ हायस्कूलांतल्या १,७६४ मुलांपैकी ९५९ जणांना प्रवेश मिळाला आणि ८०५ जणांना नाही. चिठ्ठीनेच निवड झाल्याने दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते, आणि पुढे दिसलेला फरक अकादमीचाच म्हणता आला. शालेय शिक्षणात इतका दीर्घकाळ चाललेला चिठ्ठीचा प्रयोग विरळाच.

प्रमाणित चाचण्यांचे गुण वाढले नाहीत. शाळा पूर्ण करणाऱ्यांचे आणि कॉलेजात जाणाऱ्यांचे प्रमाण चांगले होते, पण ते दोन्ही गटांत सारखेच चांगले होते. आपणहून अर्ज भरणारी मुले मुळातच थोडी उत्सुक असतात, त्यांच्या घरी कोणीतरी लक्ष घालणारे असते. चिठ्ठ्या नसत्या, तर हे सगळे श्रेय अकादमीच्या नावावर जमा झाले असते. एखादी शाळा आपल्या अकादमीच्या उत्तीर्णांची टक्केवारी फलकावर लावते, तेव्हा हीच चूक होत असते. गळतीचा धोका सर्वाधिक असलेल्या मुलांत मात्र परिणाम ठळक होता. त्यांच्यातील गळती ३२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली.

मग २००८ चा अहवाल आला. हायस्कूल संपून आठ वर्षे झाली होती. अकादमीच्या गटाची कमाई दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ११ टक्के, म्हणजे वर्षाला २,०८८ डॉलर, जास्त निघाली. मुलग्यांमध्ये ही वाढ १७ टक्के, वर्षाला ३,७३१ डॉलर, होती. शिवाय अकादमीतून गेलेले तरुण जोडीदार व मुलांसह स्वतंत्र संसार थाटण्यात पुढे होते. मुलींच्या कमाईत मात्र लक्षणीय फरक सापडला नाही, आणि समर्थक हा भाग सांगताना बहुधा गाळतात. गुणपत्रिकेत न दिसलेली गोष्ट पगाराच्या पावतीत दिसली. कामाच्या जागेची आधीच झालेली ओळख आणि बाहेरच्या मोठ्या माणसांशी जुळलेले संबंध कोणत्याही चाचणीत मोजले जात नाहीत.

हायस्कूलमधील विद्यार्थी-सहाय्य कार्यक्रमांबद्दल असाच घोटाळा होतो. ते फक्त वांड किंवा नापास मुलांसाठी असतात, असे मानले जाते. पण सॅन डिएगोच्या क्लेअरमाँट हायस्कूलमध्ये इंग्रजीच्या शिक्षिका मेरी कॅथरीन स्वॉन्सन यांनी १९८० मध्ये सुरू केलेला ‘अ‍ॅव्हिड’ हा उपक्रम मधल्या फळीतल्या मुलांसाठी आहे. ना पहिल्या बाकावर, ना शिक्षेच्या यादीत, अशा या मुलांकडे एरवी कोणी बघत नाही. ‘अपवर्ड बाउंड’ हा संघराज्याचा कार्यक्रम १९६४ च्या दारिद्र्यनिर्मूलन कायद्यातून आला आणि तो अल्प उत्पन्न गटातल्या किंवा घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलांना कॉलेजची वाट दाखवतो.

शाळेत एक समुपदेशक नेमला की भागते, हाही भ्रम. शाळा समुपदेशकांच्या अमेरिकन संघटनेने २५० विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण सांगितले आहे. देशाची सरासरी कित्येक वर्षे त्याहून बरीच वाईट राहिली आहे. ‘कम्युनिटीज इन स्कूल्स’ ही संस्था शाळेतच समन्वयक बसवते आणि तो अडचणीतल्या मुलांची एकेकटी दखल घेतो. तिच्या कामाचीही एमडीआरसीने चिठ्ठ्या टाकून परीक्षा घेतली. पहिल्या वर्षी सवंगड्यांशी आणि मोठ्यांशी असलेले संबंध सुधारल्याचे मुलांनी सांगितले, पण दोन वर्षांनंतरही हजेरी, गुण किंवा शिस्त यांत फरक पडला नाही. हेतू चांगला असला की परिणाम होतोच, या समजाला याहून स्पष्ट उत्तर नाही. अकादमीचेही तसेच आहे : ज्या शाळेत मुलांचा कायम गट नाही, शिक्षकांना एकत्र बसायला तास नाही आणि बाहेरच्या कामाचा अनुभव नाही, तिथल्या दारावर पाटी कोणतीही असो, ती करिअर अकादमी नव्हे.