हेलियमचे जन्मस्थान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हेलियमचा शोध ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली आपल्या विजयदुर्गावरून लावला, ही समजूत महाराष्ट्रात इतकी रुजली आहे की किल्ल्यावरचे साहेबाच्या नावाने ओळखले जाणारे ओटे तिचा दाखला म्हणून दाखविले जातात. परंतु दप्तरातली हकीकत निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सन यांचा मुक्काम गुंटूरला होता, लॉकियर इंग्लंडात होते, आणि सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणावाचून, तेथूनच पाहिले. विजयदुर्गास त्यांनी उपकरणांचा सरंजाम मांडला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांनी युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळविल्यास जवळजवळ तीन वर्षे उलटली होती. एवढा मोठा ज्योतिर्विद वेध घेण्यास त्या किल्ल्यावर आला होता हा मान अस्सल आहे, त्यास बनावट सनद जोडण्याचे कारण नाही.

दुसरा गैरसमज सुशिक्षितांचा आहे. सूर्य दर सेकंदास सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करतो, हे ठाऊक असल्यामुळे विश्वातील सर्व हेलियम ताऱ्यांनीच घडविला असावा, असे अनुमान सहज निघते. परंतु विश्वातील सामान्य द्रव्याचा, वस्तुमानाने, जवळजवळ चतुर्थांश भाग हेलियम आहे, आणि इतका साठा ताऱ्यांच्या आजवरच्या ज्वलनातून निघत नाही, असा हिशेब १९६४ साली हॉइल व टेलर यांनी मांडला. महास्फोटाच्या सिद्धांताचे कडवे विरोधक असलेल्या हॉइल यांनीच, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांच्या गुरूंनी, तो मांडावा, ही बौद्धिक प्रामाणिकता मला फार मोलाची वाटते.

तो साठा महास्फोटानंतरच्या, म्हणजे विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतला आहे. तापमान शंभर कोटी अंशांच्या आसपास उतरले तेव्हा दर सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन शिल्लक होता. म्हणजे सोळा कणांत दोन न्यूट्रॉन व चौदा प्रोटॉन. त्यांतील दोन न्यूट्रॉन व दोन प्रोटॉन मिळून हेलियमचे एक अणुकेंद्र झाले आणि बारा प्रोटॉन हायड्रोजन म्हणून उरले, तेव्हा सोळांत चार, म्हणजे चतुर्थांश, हे प्रमाण आपोआपच येते. पाच किंवा आठ कणांचे स्थिर अणुकेंद्र निसर्गात नसल्यामुळे, आणि विश्व वेगाने निवत गेल्यामुळे, किंचित लिथियमपलीकडे ही घडण गेली नाही. कार्बन, ऑक्सिजन, लोह यांना ताऱ्यांची वाट पाहावी लागली.

मग बाजारातल्या नळकांड्यातला हेलियम त्या आदिकाळातला समजावा काय? नाही, मूळचा अल्पसा अंश पृथ्वीच्या पोटात अद्याप आहे खरा, परंतु आपण वापरतो तो जवळजवळ सर्व हेलियम खडकांतील युरेनियम व थोरियम यांच्या किरणोत्सर्गातून निपजला आहे. याचा पुरावा रदरफोर्ड व रॉइड्स यांनी दिला. त्यांनी अतिशय पातळ काचेच्या नळीत किरणोत्सर्गी वायू कोंडून ती निर्वात नळीत ठेवली. काच भेदून बाहेर पडलेले अल्फा कण, म्हणजे हेलियमची अणुकेंद्रे, तेथे साठत गेले, आणि काही दिवसांनी विद्युत् प्रवाह सोडताच हेलियमची तीच पिवळी रेषा उजळली. युरेनियम-२३८ चा एक अणू शिसे होईपर्यंत अशी आठ हेलियमकेंद्रे टाकतो. हे युरेनियम सूर्यासारख्या शांत ताऱ्यात घडत नाही. त्यास न्यूट्रॉनांचा भयंकर वर्षाव लागतो, आणि तो न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींत, तसेच काही विरळ तारास्फोटांत होतो, असे मानले जाते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा एका टकरीच्या गुरुत्वतरंगांची नोंद झाली, आणि तिच्या प्रकाशात नव्याने घडलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणाही मिळाल्या.

युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे साडेचारशे कोटी वर्षे असल्याने ही निपज अत्यंत मंद आहे, आणि हवेत सुटलेला हेलियम अखेर अवकाशात निघून जातो. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांची चुंबके थंड ठेवणारा हा वायू शोभेच्या फुग्यांत उधळू नये, एवढी वाचकांस विनंती आहे.