‘गेट’ म्हणजे नुसतं मिळणं नव्हे

‘गेट म्हणजे मिळणे’ एवढं पाठ करून पोरं पुढच्या वर्गात जातात आणि ‘गेट वेट’ आलं की अडतात. खापर इंग्रजीवर फुटतं: एका शब्दाचे पन्नास अर्थ! आपली मराठी कशी, सरळ.

सरळ? नांदूरघाटचा माणूस केजच्या बसस्थानकात विचारतो, ‘बीडची गाडी लागली का?’ शेजारची बाई लिंबू हुंगत म्हणते, ‘मला गाडी लागती, खिडकीपाशी बसू द्या.’ दोघांचाही गोंधळ होत नाही. बोअरला पाणी लागतं, पोराला नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, ठेच लागते, डोळा लागतो आणि एखाद्याची वाटही लागते. हे अर्थ कुणी घोकलेले नसतात. शेजारचा शब्द पाहून ते आपोआप कळतात.

‘गेट’लाही तेच लागू. पुढे वस्तू आली तर बहुधा मिळणं किंवा आणणं, ठिकाण आलं तर पोचणं, विशेषण आलं तर तसं होणं. म्हणून ‘गेट होम’ म्हणजे घरी पोचणं आणि ‘गेट वेट’ म्हणजे भिजणं. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणणाऱ्याने स्वतः कात्री चालवलेली नसते. त्याने केस कापून घेतलेले असतात. या ‘घेतले’त मराठीनेही तीच सोय केली आहे. बसला ‘गेट ऑन’ आणि कारला ‘गेट इन’ का, तर ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, त्याला साधारणपणे ‘ऑन’. वडापच्या जीपला अर्थातच ‘इन’, माणसं बाहेर लोंबकळत असली तरी!

सर्वाधिक अर्थ ‘सेट’चे, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतलं उत्तरही आता जुनं झालं. ऑक्सफर्डच्या 1989च्या मोठ्या कोशात तो पुढे होता. नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ भरल्याचं 2011मध्ये जाहीर झालं.

‘गॉटन’ चुकीचं, असंही सर्रास सांगतात. ते जुनंच इंग्रजी रूप आहे. ब्रिटनमध्ये मागे पडलं, अमेरिकेत टिकलं.

आणि ‘गेट’ गावंढळ आहे, ही समजूत? शब्द नॉर्स भाषेतून आलेला, शेकडो वर्षं मुरलेला. बोलताना तो बिनधास्त वापरावा. सरकारी अर्जात मात्र ‘आय गॉट युवर लेटर’ऐवजी ‘रिसीव्ह्ड’ लिहिलेलं बरं.