मोत्याला कच्ची कलेजी नको!

रविवारी मटणाच्या दुकानासमोर कुत्री ठाण मांडून बसतात. दुकानदार फुप्फुसाचा, खराब कलेजीचा तुकडा त्यांच्याकडे भिरकावतो. घरीही तेच. मटण धुताना नको असलेला तुकडा आपण मोत्यापुढे टाकतो. ‘त्याला काय होतंय? कुत्र्याला कच्चंच पचतं,’ असं बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी मला ऐकवलं. पण मैत्रिणींनो, खरी गोम तिथेच आहे. कुत्र्याला बहुधा काही होत नाही. भोगावं लागतं ते आपल्याला.

शेळ्यामेंढ्यांच्या कलेजीत, फुप्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी असतात. त्यांत एका बारीक जंताची पिल्लं असतात. अशी कच्ची गाठ कुत्र्याने खाल्ली, की त्याच्या आतड्यात जंत वाढतात आणि दीड-दोन महिन्यांत त्यांची अंडी विष्ठेतून पडू लागतात. कुत्रं मात्र धडधाकट दिसतं!

अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती मातीत, पालेभाजीवर, कुत्र्याच्या केसांत चिकटून राहतात. मूल मोत्याच्या गळ्यात पडतं आणि त्याच हाताने बिस्कीट खातं. झालं! माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात गाठ धरते. हाच हायडॅटिड रोग. गाठ इतकी हळू वाढते, की वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. मग कधीतरी पोट दुखतं, खोकला हटत नाही आणि तपासणीत मोसंबीएवढी गाठ दिसते. औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतात, कित्येकदा ऑपरेशन. गाठ आत फुटली, तर जिवावर बेतू शकतं.

‘आमच्याकडे मटण शिजतच नाही,’ असं म्हणून सुटका नाही. हा रोग मटण खाल्ल्याने होत नाही, अंडी पोटात गेल्याने होतो. शेजारच्या आळीतलं कुत्रंही त्याला पुरतं.

तिकडे आइसलँडमध्ये एके काळी या रोगाने थैमान घातलं होतं. 1864 साली तिथे डॉ. क्राबे यांची माहितीपुस्तिका लोकांत वाटली गेली. पुढे कायदे झाले, कुत्र्यांना जंताचं औषध देणं सुरू झालं आणि रोग हद्दपार झाला. सुरुवात झाली ती लोकांना समजावण्यापासून. मग आपल्याला का जमू नये?

करायचं एवढंच. कुत्र्याला कलेजी, फुप्फुस घालायचंच तर अर्धा तास खळखळ उकळून. हाडं मात्र शिजवलेलीही नकोत, त्यांच्या कपच्या घशात, आतड्यात रुततात. जंताचं औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, ठरल्या वेळी. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, भाजी भरपूर पाण्यात धुवायची. आणि मटणवाल्या दादांना सांगायचं, ‘दादा, गाठीचा तुकडा कुत्र्यांना टाकू नका, खोल पुरा.’ चार गिऱ्हाइकं बोलली, की तेही ऐकतील.