पळस जमिनीखाली वाढतो

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुच्या कपाशीच्या मुलखात फाल्गुनात पळस फुलतो, पान न उरलेल्या फांद्यांवर नुसती केशरी फुलं. तेलुगूत हाच मोदुगु. एवढं देखणं झाड असूनही अंगणात किंवा शाळेपुढे लावायचं म्हटलं की हात गुलमोहराकडे जातो, कारण पळस लावला तर जगत नाही, असा समज आहे. माझ्या मते पळस जगतो. त्याचं जगणं आपल्याला दिसत नाही एवढंच. पळसपापडी, म्हणजे शेंगेच्या टोकाला असणारं एकुलतं चपटं बी, मे-जूनमध्ये तयार होतं. ते ताजंच पेरलं तर चांगलं उगवतं. पावसाळाभर रोप हिरवं राहतं आणि पुढच्या कोरड्या दिवसांत शेंडा जमिनीपर्यंत वाळून जातो. सुरुवातीची काही वर्षं हे पुन्हा पुन्हा घडतं. त्या काळात सोटमूळ मात्र खाली जाऊन जाड होत असतं. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत झाडाला तारणारं तेच असतं. आपण वाळकी काडी पाहतो, रोप मेलं म्हणतो आणि उपटतो. पिशवीत फार दिवस ठेवलेल्या रोपाचं तर मूळच वेटोळं होतं, म्हणून बी जागेवर लावणं बरं.

यावर व्यवहाराचा आक्षेप येईल. तेलंगणात 2015 पासून हरितहारम ही सरकारी वृक्षलागवडीची मोहीम चालली आणि 2018च्या पंचायतराज कायद्याने लावलेल्या रोपांपैकी 85 टक्के जगवण्याची जबाबदारी गावावर टाकली. अशा मोजणीत वाळकी काडी कोण धरणार? आक्षेप खरा आहे, पण दोष मोजण्याच्या वेळेचा आहे. पळस मेमध्ये नव्हे, पाऊस पडून गेल्यावर मोजावा. मोठा पळसही ऐन उन्हाळ्यात उघडा असतो, हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा. फुलं सरता सरता, एप्रिल-मेमध्ये, त्याला नवी पालवी येते. तो सावकाश वाढतो हे मात्र मान्यच. लवकर सावली हवी असेल तर कडुनिंब लावावा. मुळांतून फुटवे येतात, त्यामुळे वावराच्या मध्ये त्याला जागा देऊ नये. धुरा, रस्त्याची कड, शाळेचं आवार इथे तो शोभतो.

बी लावलं तिथे शेजारी एक खुंटी ठोका आणि शेळ्या-गुरांपासून जागा राखा. काडी वाळली तरी उपटू नका. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच. जूनचे दोन चांगले पाऊस झाले की खुंटीपाशी तीन पानांचा फुटवा आलाय का, तेवढं वाकून पाहा.